वरचं पाणी आणि अस्तर

मंगळवार, २० नोव्हेंबर

चि. बाटलीबाईस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. हे वाक्य लिहिल्याशिवाय माझ्या पेनातून शाई सुटत नाही, तेव्हा सहन कर.

खोक्यात बाटल्या नीट उभ्या ठेवल्यात. मध्ये चिंध्या कोंबल्यात. शिवणाचं दुकान बंद करून एवढे दिवस झाले, पण घरातल्या चिंध्या काही संपत नाहीत. खोकं आडवं करायचं नाही, असं बसवाल्याला बजावून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, दर खेपेला सांगता. तोंडपाठ झालंय मला." होऊ दे. तोंडपाठ झालेल्या गोष्टीच माणूस आधी विसरतो.

पाणी तू सांगितलंस तसंच भरलं. धक्क्याची खालची पायरी, भरती पुरती चढल्यावर. आधी वरचं पाणी, मग वजन बांधलेली बाटली दोरीने तळाला सोडून हिसका दिला, की बूच निघून तळाचं पाणी भरतं. तुझ्या त्या तपकिरी औषधाचे थेंब टाकले आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला. चिठ्ठ्यांवर तू 'पृष्ठभाग' आणि 'तळ' लिहायला सांगितलं आहेस. मी 'वरचं' आणि 'अस्तर' लिहिते. नदीचं गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि समुद्राचं खारं जड म्हणून खालून आत सरकतं, तेव्हा ते अस्तरच झालं. आयुष्यभर कोटांना अस्तरं लावली. मला हाच शब्द कळतो.

तू निघताना समजावलं होतंस ते विसरलेले नाही. नदीतून वाहत आलेले बारीक हिरवे जीव खाऱ्या पाण्यात सुकून जातात, समुद्रातून आलेले गोड्या पाण्यात फुगून फुटतात, आणि मधल्या पट्ट्यात थोडे चिवट तेवढे टिकतात. बाटलीत कोण सापडलं त्यावरून पाणी कुठवर आणि कसं मिसळलं ते कळतं. यावरून सासू-सुनेची उपमा काढू नकोस. तुझ्या सासऱ्यांनी ती तेव्हाच काढली होती आणि स्वतःच हसूनही घेतलं होतं. आता नदी उतरायला लागली आहे. म्हणजे समुद्राची मंडळी वर सरकणार, तुझ्या त्या काचेच्या डबीसारख्या कवचात राहणाऱ्यांची गर्दी होणार. खरं ना?

तुझ्या नवऱ्याचा जहाजावरून निरोप आला. इंजिनच्या खोलीत फार उकडतं म्हणतो. लहानपणी घोंगडं घेऊन झोपायचा भर उन्हाळ्यात, आता भोगतोय. तरी तिथली हवा वादळी आहे असं बातम्यांत ऐकलं आणि माझा जीव टांगणीला लागला. तुला काही कळवलं तर मला कळव. माझ्यापासून लपवू नका तुम्ही दोघं काही.

धक्क्याच्या पायऱ्यांना शेवाळ धरलंय. वर येताना मध्येच बसावं लागलं, जरा दम लागला. गुडघे, दुसरं काय. होडीवाली खालून ओरडली, "काय गं, पायऱ्या मोजतेस का?" तिला म्हटलं, हो, एखादी चोरीला गेली असेल तर बघते.

फोनवर आवाज नीट येत नाही, फोनच बिघडलाय बहुतेक. खोक्यातून पत्र पाठवत जाईन, तूही रिकाम्या बाटल्यांबरोबर पाठव. जेवत जा. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून पाठ धरेल, मध्ये उठत जा. रात्री खोलीचं दार आतून लावतेस ना?

तुझी सासू


मंगळवार, ११ डिसेंबर

चि. बाटलीबाईस,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी मिळाली आणि त्यातला ओरडाही मिळाला. मागची खेप चुकली हे कबूल. भाचीकडे गेले होते, तिथे राहावं लागलं. तुझ्या मालिकेत भोक पडलं म्हणतेस, ते बरोबरच आहे. मधला टाका सुटला की पुढची शिवण उसवते. पुन्हा चुकणार नाही. काही झालं तरी चुकणार नाही.

या खोक्यात वरचं आणि अस्तर, दोन्ही आहेत. नदीचं पाणी व्यवस्थित भरलं आहे. गढूळपणा कमी झालाय. गाळ खाली बसला की पाण्यात उजेड शिरतो आणि मग तुझे हिरवे जीव अंग धरतात, असं तू सांगितलं होतंस, म्हणून मी बाटली खिडकीपाशी धरून बघितली. मला काही दिसलं नाही. मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, मला काय दिसणार.

एक गोष्ट सांगते, ओरडू नकोस. पाणी जिभेला लावून बघितलं. लगेच थुंकून टाकलं, चूळही भरली. चांगलं खारट होतं. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

बाकी काय लिहू? समोरच्यांनी कुत्रं आणलंय. ते भुंकत नाही, नुसतं बघत बसतं, त्याचीच भीती वाटते. पाण्याची टाकी धुवून घेतली. स्वयंपाकाचा कंटाळा येतो, एकटीसाठी काय करायचं. भात उकडते, एखादी भाजी उकडते. तुझ्या हातची भाजी कधी खारट व्हायची, तेव्हा मी काय काय बोलले होते ना तुला. आता वाटतं, चालली असती.

तू विचारलंस की फोन का उचलत नाही. आंघोळीला गेलेली असते, बाजारात गेलेली असते. नाही उचलला तर घाबरून कुणाला पाठवू नकोस. त्या दिवशी होडीवालीला पाठवलंस, ती बिचारी वल्हं टाकून धावत आली.

आणि हो, "मी सुट्टी टाकून दोन दिवस येऊन जाते" हे काय लिहिलं आहेस? काही गरज नाही. तुला ती जागा मिळायला काय काय करावं लागलं ते तुझ्याइतकंच मलाही माहीत आहे. एकदा जागा सोडलीस ती सोडलीस, आता नाही. मी ठणठणीत आहे. तू इथे असतीस तर तुझ्यासमोर बसून कपभर चहा जास्तच प्यायले असते.

तुझी सासू


मंगळवार, १५ जानेवारी

चि. बाटलीबाई,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, मग होडीवालीला वाचून दाखवलं, मग पुन्हा वाचलं.

तू एवढी खूश झालेली मी लग्नातही पाहिली नव्हती. तिथे तर फोटोवाला "हसा, हसा" म्हणून थकला होता.

मला जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग. नदी आटत चालली असताना धक्क्यापाशी समुद्राची मंडळी दिसायला हवी होती. पण डिसेंबरपासून तुझ्या बाटल्यांत उलट गोड्या पाण्याचीच मंडळी निघते आहे, मीठही फार कमी निघतं, अगदी अस्तराच्या बाटलीतसुद्धा. तुझ्या सरांना वाटतं की तळाशी कुठेतरी गोड्या पाण्याचा झरा असावा, जो आजवर कुणाच्या ध्यानात आला नव्हता. पुढच्या महिन्यात मोठी सभा आहे, ठिकठिकाणची जाणकार माणसं येणार आहेत, तिथे तू उभं राहून हे मांडणार आहेस. आणि सरांनी स्वतः सांगितलं की तुझं नाव पहिलं, त्यांचं नंतर.

छान झालं. फार छान झालं.

एक विचारायचं होतं. सहज. धक्का आणि आपल्या दारातला पूल यांच्यात पाण्याचा कितीसा फरक असतो? म्हणजे अंतर तसं काही फार नाही. भरती पुलापर्यंत येतेच की. मग मीठही येत असेल आणि मिठाबरोबर येणारी मंडळीही येत असेल, असं मला वाटतं. तसं असतं का? खोकं परत पाठवशील तेव्हा दोन ओळी लिही. सभेत सांगायच्या आधी तुम्ही लोक पुन्हा तपासून बघता ना? कुणीतरी स्वतः येऊन बघतं ना? का नुसत्या बाटल्यांवर विश्वास ठेवता?

घाई करू नकोस एवढंच म्हणणं आहे. नवं कापड आधी भिजवून आटवायचं, मग कात्री लावायची.

आज हात थकलाय, जास्त लिहीत नाही.

तुझी सासू


मंगळवार, २९ जानेवारी

माझ्या बाळा,

हे पत्र बसून वाच. मी बरी आहे, म्हणजे लिहिण्याइतकी बरी आहे. 'इकडे सगळं ठीक आहे' हे वाक्य आज लिहीत नाही.

काल तुला फोन केला होता. जेवलीस का विचारलं आणि ठेवून दिला. तू म्हणाली असशील, सासूचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंयच. फोन बिघडलेला नाही. बोलताना मला धाप लागते, ती तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन टाळते. पत्राला धाप लागत नाही, मध्ये थांबलं तरी वाचणाऱ्याला कळत नाही. आताही मी मध्ये बराच वेळ थांबले होते.

आधी तुझ्या कामाचं सांगते, कारण त्याला जास्त उशीर झालाय.

डिसेंबरपासूनच्या बाटल्या धक्क्याच्या नाहीत. पुलाच्या आहेत. आपल्या दारातल्या पुलाच्या कठड्यावरून दोरी सोडून मी भरल्या, वरचं आणि अस्तर, भरती चढल्यावर, बाकी सगळं तू सांगितल्याबरहुकूम. चिठ्ठीवर मात्र 'धक्का' लिहीत राहिले. तिथे झराबिरा काही नाही गं. झरा म्हणजे मी आहे.

आता का, ते सांगते.

नोव्हेंबरच्या शेवटी मी भाचीकडे गेले नव्हते. बाटल्या घेऊन धक्क्यावर गेले होते. खाली उतरले, वजनाची बाटली सोडली, आणि ती वर ओढता ओढता छातीत असं काही झालं की दोरी हातातून सुटली. पायरीवर बसले ते उठताच येईना. होडीवालीने पाहिलं. तिने माझ्या काखेत हात घालून मला होडीत ओढलं, कसं ओढलं तिचं तिला माहीत, आणि पलीकडच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत मला शिव्या देत होती. मी तिला विचारलं, "बाटली गेली का गं?" तर म्हणाली, "बाटलीच्या नावाने आंघोळ कर. तू आधी श्वास घे." तिथे मला ठेवून घेतलं. तुझ्या मालिकेला भोक पडलं ते त्या दिवसांत.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरुण आहे, तुझ्याच वयाची असेल, गोड बोलणं माहीत नाही. "पायऱ्या बंद, वजन उचलणं बंद, मीठ बंद," म्हणाली. मी विचारलं, चिमूटभरही नाही? तर म्हणाली, "चिमूट कुणाची, तुमची की माझी?" तेव्हापासून मी अळणी खाते. भाजीत नाही, भातात नाही, कशातच नाही. सुरुवातीला ओकारी यायची. मग सवय झाली.

होडीवालीला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. माझ्या मुलाला तर नाहीच. तो भर समुद्रातून काय करणार, नुसता झुरेल. आणि तुला का नाही, ते तुला ठाऊक आहे. तुझे सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा तुझी पहिली जागा चालून आली होती. तू तिथे 'नाही' कळवलंस आणि आम्हाला म्हणालीस की त्यांनीच दुसऱ्या कुणाला घेतलं. ते पत्र मी कपाटात पाहिलं होतं. ह्यांना मरेपर्यंत कळलं नाही, मला कळलं होतं. तू ह्यांचं सगळं केलंस, अंग पुसलंस, भरवलंस, आणि बाटल्या माळ्यावर गेल्या. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की या मुलीची दुसरी जागा माझ्यापायी जाता कामा नये. म्हणून तर 'पाणी मी भरते, तू जा' असा हट्ट धरला होता.

आता पायऱ्या बंद, आणि मालिका तर तुटता कामा नये. मग पूल सुचला. पुलाला पायऱ्या नाहीत, दारातून निघून चार पावलांवर कठडा. पण मी अगदीच अडाण्यासारखं केलं नाही, एवढं मात्र मान. पुलाचं पाणी धक्क्याइतकं खारं आहे की नाही, ते बघितल्याशिवाय बाटली भरायची नाही असं ठरवलं. बघणार कशाने? तुझं ते मीठ मोजायचं यंत्र तू घेऊन गेलीस. माझ्याकडे जीभ होती. धक्क्याच्या पाण्याची चव मला लहानपणापासून माहीत. पुलाचं पाणी जिभेला लावलं. तेच. तस्संच. खारट. उलट मला वाटलं की जरा जास्तच खारट आहे. मी म्हटलं, चला, समुद्र इथवर चढलाय, आपण काही खोटं करत नाही आहोत. दर खेपेला चाखून बघितलं आणि दर खेपेला खारट लागलं. त्या भरवशावर मी चिठ्ठीवर 'धक्का' लिहीत गेले.

तुझं ते आनंदाचं पत्र आलं आणि मी एकाच ओळीवर अडकले. अस्तराच्या बाटलीतही मीठ नाही म्हणतेस? मग मी चाखलं ते काय?

दोन आठवडे मी तेच डोक्यात घोळवत होते. रविवारी होडीवाली दुपारची आली. मी बटाटा उकडला होता, तिच्यापुढे ठेवला. तिने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "यात मीठ कुठे आहे?"

मी म्हटलं, "मला तर खारट लागतोय."

"खारट? हा? अगं माती बरी."

मी उठले, भांडं दोरीला बांधलं आणि तिला पुलावर घेऊन गेले. भरती होती. पाणी काढून तिला म्हटलं, चाख. ती म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय का?" पण चाखलं. "गोडं आहे की हे. किंचित काहीतरी असेल मिठाचं, पण गोडंच. धक्क्याचं आण, तोंडात धरवत नाही सध्या." मी पुन्हा चाखलं. मला ते खारट लागलं, अजून लागतं.

तेव्हा कुठे प्रकाश पडला. इतके दिवस ज्या जिभेला मिठाचा कण शिवला नाही, तिला कशातही मीठ सापडतं. माझ्या जिभेवर विसंबून मी तुझा अभ्यास बुडवला. ती जीभ जुन्या, मीठ खाणाऱ्या बाईचीच आहे असं मी धरून चालले आणि ती बाई दवाखान्यातच राहिली होती.

मी कठड्याला धरून रडले. होडीवाली म्हणाली, "पाण्यासाठी कुणी रडतं का?" मला वेगळंच दिसत होतं. तू त्या सभेत उभी आहेस, समोर माणसं बसली आहेत, आणि तू मान वर करून सांगते आहेस की या नदीच्या तळाशी झरा आहे. मग कुणीतरी यंत्र घेऊन इथे येतं, धक्क्याचं पाणी मोजतं, आणि तुझं नाव पहिलं आहे ना, तेच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गेले दोन दिवस मी यापेक्षा सोपी वाट शोधत होते. झडपेचं न सांगता पुलाचं कसं सांगायचं? आळस केला म्हणावं? पाय मुरगळला म्हणावं? पण मग तू विचारणार की पाणी खारट होतं असं का लिहिलंत. त्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. एक लपवायचं म्हटलं की दुसरंही लपतं, आणि ते दुसरं तुझं आहे, माझं नाही.

या खोक्यात बाटल्यांच्या दोन जोड्या आहेत. एक पुलाची. दुसरी धक्क्याची, होडीवालीने स्वतः खालच्या पायरीवर बसून भरलेली. तिला वजनाची बाटली कशी सोडायची ते मी वरून ओरडून शिकवलं आणि तिने वर बघून मला ओरडून गप्प केलं. दोन्ही भरत्या एकाच दिवशीच्या. चिठ्ठ्यांवर या वेळी तुझे शब्द लिहिलेत, पृष्ठभाग आणि तळ, आणि जागा खरी लिहिली आहे. तू दोन्ही जोड्या काचेखाली धरशील तेव्हा दिसेलच की कुठे कोण राहतं. तुझी समुद्राची मंडळी धक्क्यावर असतीलच, कुठे गेली नसतील. माझ्या जुन्या बाटल्याही फेकू नकोस. त्या पुलाच्या म्हणून तरी कुठे लागतात का ते सरांना विचार. एकही खेप धक्क्याची समजू नकोस, नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेपर्यंतच्या सोडून. त्या खऱ्या होत्या. पुढच्या खेपा होडीवाली भरेल, तिने कबूल केलंय. दर खेपेला मला चार शब्द सुनावेल, तेवढं मी ऐकून घेईन.

सरांकडे जा आणि तोंडाने सांग. पत्र दाखवायचं तर दाखव, माझी लाज झाकू नकोस. म्हणावं, सासूने चूक केली. सासवांवर लोक लगेच विश्वास ठेवतात. पण सभेच्या आधी सांग. ते रागावतील, कदाचित नाव मागे टाकतील, कदाचित त्या दिवशी तुला बोलू देणार नाहीत. माझ्यामुळे तुझं हसू गेलं याची मला जी टोचणी आहे, ती आता माझ्याजवळ राहील. ती डॉक्टरीणबाईंना कापून काढता येणार नाही.

आता माझं.

इथून पुढे मी असं लिहिणार होते की, हे सगळं कळलं तरी तू येऊ नकोस, जागा सोडू नकोस, मला होडीवाली आहे. तसं लिहिलंही होतं. तो कागद फाडला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात झडपेचं ऑपरेशन करायचं ठरलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्याबरोबर कोण असेल? मी म्हटलं, मुलगा जहाजावर आहे, तो उन्हाळ्याशिवाय उतरत नाही. "मग दुसरं जवळचं कोण?" मी क्षणभरही विचार केला नाही, तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव. तिने विचारलं, "मुलगी का?" मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर होडीवाली म्हणाली, "सुनेला अजून कळवलेलं नाहीस आणि तिचं नाव देऊन आलीस?" मला तिथे दुसरं कुणी आठवलंच नाही.

मला भीती वाटते गं. इतके दिवस मी तुझ्या दाराच्या कडीची, तुझ्या नवऱ्याच्या वादळाची, समोरच्या कुत्र्याचीसुद्धा भीती कागदावर उतरवली, आणि ही एक तेवढी वगळली. ते टेबलावर निजवतील, तोंडावर काहीतरी धरतील, आणि डोळे मिटायच्या आधी ज्या बाईकडे मी बघेन ती कोण असेल, हे मला आत्ता माहीत हवंय.

म्हणून माझं ऐक. आधी सरांकडे जाऊन खरं सांग. सभेत बोलू दिलं तर उभी राहून काय चुकलं तेच सांग, मान खाली न घालता सांग. जागा सोडू नकोस, रजा माग, रजा देतात. आणि मग ये. तू इथे पोचल्यावर मी तुला "कशाला आलीस" म्हणेन, सवयच आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

खोकं आजच्या बसने जातंय. मी पुलावर उभी राहून बस वळेपर्यंत बघणार आहे.

ये.

तुझी वाट पाहणारी,
आई